रिसेप्शनसाठी (शाळेचं पहिलं वर्ष) प्रेप (खाजगी प्राथमिक शाळा) की सरकारी शाळा? (इंग्लंडमधल्या पालकांनो, मदत करा)

रानजाई

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आता फॉर्मची तारीख जवळ आली म्हणून शेवटी धागाच काढते. आम्ही रेडिंगजवळ लोअर अर्लीला राहतो, नवरा आयटीत आणि मी आठवड्यातले तीन दिवस कामाला जाते. लेक जुलै २०२२ ची, म्हणजे सप्टेंबर २०२६ ला रिसेप्शन सुरू, आणि सरकारी शाळांचा फॉर्म कौन्सिलकडे (इथली पालिका) १५ जानेवारीच्या आत जायला हवा. घरापासून चालत दहा मिनिटांवर सरकारी प्रायमरी आहे, आमच्या कॅचमेंटमध्येच (शाळेच्या ठरलेल्या परिसरातच) येते. गाडीने पंचवीस मिनिटांवर एक प्रेप आहे, तिथे नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांची मुलं जातात आणि ते सगळे म्हणतात की एकदा पाया पक्का झाला की पुढचं बघायला नको.

दोन्ही शाळा बघून आलो. प्रेपमध्ये वर्गात सोळा मुलं, शाळेचा स्वतःचा स्विमिंग पूल, फ्रेंच आणि म्युझिकला वेगळे टीचर, मुलं पाहुण्यांसाठी दार धरून उभी राहतात, नीट डोळ्यात बघून बोलतात. सरकारी शाळेत वर्गात तीस, कार्पेट जुनं झालंय, पण रिसेप्शनच्या मागच्या अंगणात मातीकामाचं किचन मांडलंय, पोरं वेलीज (रबरी बूट) घालून चिखलात पातेली घेऊन बसलेली आणि हेडटीचर बाईंना प्रत्येकाचं नाव पाठ. आमची लेक तिथून निघायलाच तयार नव्हती.

प्रेपची फी टर्मला साडेपाच हजार पाउंड, वर २० टक्के व्हॅट. आमचा व्हिसा अजून स्किल्ड वर्करचा, घर भाड्याचं. नवरा म्हणतो पोटाला चिमटा काढू पण प्रेपमध्येच घालू, सासूबाई पुण्याहून फोनवर रोज विचारतात की चांगल्या शाळेत घालताय ना. माझं मन सरकारीकडे ओढतंय पण उद्या पोरीचं नुकसान झालं तर काय, या विचाराने धीर होत नाही. ज्यांची मुलं यातून गेलीयत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

टेम्सकाठ

आधी हिशोब मांडा. साडेपाच हजारावर व्हॅट धरून ६,६००, तीन टर्मचे १९,८००. रिसेप्शन ते इयर ६ म्हणजे सात वर्षं, फी एक पेनीही वाढली नाही असं धरलं तरी १,३८,६०० पाउंड. आणि फी दरवर्षी वाढतेच. हे सगळे टॅक्स कापून हातात आलेले पैसे आहेत हे विसरू नका. व्हॅट १ जानेवारी २०२५ पासून लागला, आणि नर्सरीच्या वर्गाला तो नसला तरी रिसेप्शनपासून लागतो, त्यामुळे नर्सरीच्या फीवरून पुढचा अंदाज बांधू नका.

दुसरं, कौन्सिलचा फॉर्म काहीही झालं तरी भराच. प्रेपमध्ये जागा घेतली तरी भरा. १६ एप्रिलला ऑफर येते, नको असेल तर नाही म्हणा. पण फॉर्मच भरला नाही आणि मे महिन्यात मन बदललं तर जवळच्या शाळेत जागा उरलेली नसते आणि मग वेटिंग लिस्टवर जीव टांगणीला.

पन्हाळगड

मी दुसरी बाजू मांडतो कारण इथे बहुतेक सगळे सरकारीच म्हणणार असं दिसतंय. आम्ही सरेत राहतो, दोन्ही मुलगे प्रेपमध्ये आहेत आणि आम्ही समाधानी आहोत.

आमची गरज वेगळी होती. दोघंही लंडनला ट्रेनने जातो, सकाळी सातच्या आसपास घर सोडतो. आमच्या भागातल्या सरकारी शाळेचा आफ्टरस्कूल क्लब भरलेला होता, वेटिंग लिस्ट लांबलचक, चाइल्डमाइंडर (घरी मुलं सांभाळणारी बाई) मिळत नव्हती. प्रेपमध्ये पावणेआठपासून सहापर्यंत मुलं शाळेतच, खेळ तिथेच, संध्याकाळचं खाणं तिथेच, होमवर्कही तिथेच उरकतं. घरी आलं की फक्त आंघोळ आणि गोष्ट. मोठा मुलगा इतका बुजरा होता की नर्सरीत वर्षभर कुणाशी धड बोलला नाही, तो छोट्या वर्गात खुलला. दर शुक्रवारी एकेकाने पुढे उभं राहून दोन मिनिटं काहीतरी सांगायचं असतं, पहिल्यांदा तो नुसता दगड हातात धरून उभा राहिला होता, टीचरने घाई केली नाही, कुणी हसलं नाही. आता असेंब्लीत कविता म्हणतो. तीसच्या वर्गात हे झालंच नसतं असं मी म्हणत नाही, पण आमच्या डोळ्यांसमोर हे झालंय त्यामुळे पैसे गेले याचं दुःख नाही.

पण रानजाई, एका गोष्टीत मी तुमच्याशी स्पष्ट बोलतो. फी म्हणजे फक्त फी नाही. जेवण, बस, ब्लेझर, हॅट, खेळाच्या प्रत्येक प्रकाराचे वेगळे कपडे, व्हायोलिनचे लेसन, ट्रिपा. आमच्याकडे दोन पूर्ण पगार आहेत आणि घराचा हप्ता आटोक्यात आहे. पोटाला चिमटा काढून प्रेप करू नका. एक नोकरी गेली तर पोराला मधेच काढावं लागतं आणि शाळा सोडताना साधारणपणे पूर्ण एका टर्मची नोटीस द्यावी लागते, नाही दिली तर त्या टर्मची फी भरावी लागते. व्हिसावर असताना नोकरी गेली तर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गोदाकाठ

रानजाई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न ऐकून मला माझ्या आईची आठवण झाली. आई नाशिक जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, आयुष्य त्यात घालवलं, आणि तिच्याच वर्गातली बरी ऐपत असलेल्या घरातली पोरं एकेक करून इंग्लिश मीडियमला जाताना तिने बघितली. आपल्याकडे घरात चार पैसे आले की पहिली गोष्ट हीच होते, पोरगं सरकारी शाळेतून काढायचं. फी भरली म्हणजे शाळा चांगली आणि फुकट म्हणजे नाइलाज, हे आपल्या हाडात मुरलंय. आणि तेच चष्मे लावून आपण इथल्या शाळा बघतो.

इथे परिस्थिती वेगळी आहे हो. या देशात प्रायव्हेट शाळांत साधारण सात टक्केच मुलं जातात. बाकी सगळी, म्हणजे तुमच्या जीपीची (फॅमिली डॉक्टरची), कौन्सिलमधल्या साहेबाची, सॉलिसिटरची, बस ड्रायव्हरची, सगळ्यांची मुलं सरकारीत. लोअर अर्लीसारख्या भागात तर तुमच्या त्या तीस मुलांच्या वर्गात बऱ्याच घरांतून आईबाप दोघंही ग्रॅज्युएट निघतील. सरकारी शाळेतला टीचर बहुतेक ठिकाणी क्वालिफाइड असतो, ट्रेनिंग घेतलेला. प्रायव्हेट शाळेला तसं कायद्याने बंधन नाही, नॅशनल करिक्युलमचंही बंधन नाही. याचा अर्थ तिथे शिकवणं वाईट असतं असा नाही, बऱ्याच ठिकाणी उत्तम असतं, पण 'फी भरतोय म्हणजे टीचर जास्त शिकलेला' हे गृहीत धरता येत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं की सरकारी शाळा फुकट आहे हे पूर्ण खरं नाही. चांगल्या शाळेच्या कॅचमेंटमध्ये घरभाडं जास्त, घराची किंमत त्याहून जास्त. ज्याची ऐपत नाही तो लांब राहतो आणि त्याला दुसरी शाळा मिळते. तुम्ही ते भाडं आधीच भरताय. मग त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा कशाला पैसे मोजताय?

निळी छत्री

मी स्लाऊजवळ एका सरकारी प्रायमरीत टीचिंग असिस्टंट आहे, बरीच वर्षं रिसेप्शनमध्येच काम केलंय. आत काय चालतं ते सांगते, मग ठरवा.

तीस हा आकडा ऐकून घाबरायला होतं, मला कळतं. रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ मध्ये एका टीचरमागे तीसपेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत, हा कायदा आहे. पण रिसेप्शनमध्ये तीस मुलं समोर तोंड करून बसलीत आणि टीचर फळ्यावर शिकवतेय असं नसतंच. सकाळी मुलं आली की आपापल्या पेगवर कोट लावायचा (पेगवर नावासोबत चित्र असतं, ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र कळतं), बुक बॅग ट्रेमध्ये टाकायची, मग कार्पेटवर दहा-पंधरा मिनिटं फोनिक्स (अक्षरांचे उच्चार), आणि नंतर लहान लहान गट. एक गट टीचरजवळ, एक माझ्याजवळ, बाकीची वाळू, पाणी, ठोकळे, रंग. पाच वर्षांपर्यंतचा अभ्यासक्रम प्रेपलाही तोच असतो, म्हणजे ईवायएफएस (लहान मुलांसाठीचा सरकारी आराखडा).

आमच्याकडे मागे एक मुलगी आली होती, घरी फक्त मराठी, इंग्रजीचा एक शब्द नाही. पहिले काही आठवडे ती माझ्या लॅनियार्डला (गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीला) धरून फिरायची. माझ्या लॅनियार्डला छोटी चित्रकार्डं अडकवलेली असतात, पाणी, टॉयलेट, कोट, पोटात दुखतंय, ती बोट लावून दाखवायची. मी मुद्दाम एकदाही तिचं मराठी तोडलं नाही, ती मराठीत बोलायची, मी मराठीत ऐकून इंग्रजीत तेच पुन्हा म्हणायचे. ख्रिसमसच्या नाटकात ती मेंढी झाली होती. ईस्टरपर्यंत ती दुसऱ्या पोरांना वाळूच्या ट्रेजवळ ओरडून सांगत होती की रांगेत या. आमच्या शाळेत बऱ्याच मुलांची घरची भाषा इंग्रजी नाहीच, त्यामुळे हे सगळं टीचरला रोजचं आहे.

आता वाईट बाजू. पैशाची ओढाताण खरी आहे. टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, कमी झालेत, दुपारच्या वेळी कधी कधी टीचर एकटीच असते. काही वर्गांत एक-दोन मुलांना इतकी मदत लागते की बाकीच्या शांत, शहाण्या मुलांकडे दिवसभर कुणाचं लक्ष जात नाही. तुमची लेक शांत असेल तर हे विचारून घ्या, की वर्गातल्या गप्प मुलांसाठी तुम्ही काय करता. हेडटीचरचं उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. टीचर किती वर्षं टिकतात तेही विचारा. दरवर्षी अर्धा स्टाफ बदलत असेल तर ती शाळा सरकारी असो की प्रायव्हेट, मी माझं मूल घालणार नाही.

सेलकर

आम्ही मँचेस्टरजवळ सेलला, म्हणजे ट्रॅफर्डमध्ये. इथे सगळा खेळ ग्रामर शाळांचा (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी सेकंडरी). पूर्ण इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर उरल्यात, फुकट आहेत पण इलेव्हन प्लस (सेकंडरीची प्रवेश परीक्षा) देऊन आत जायचं. तुमच्या रेडिंगमध्ये मुलांची रेडिंग स्कूल आणि मुलींची केंड्रिक, दोन्ही तशाच. तुमचे नवरेसाहेब 'पाया पक्का' म्हणतात त्याच्या मागे बहुतेक हेच असणार, की प्रेपमध्ये इलेव्हन प्लसची तयारी करून घेतात.

ते खरं आहे. सरकारी प्रायमरीत इलेव्हन प्लसचा अभ्यास घेत नाहीत, व्हर्बल रीझनिंग, नॉन व्हर्बल वगैरे शाळेत शिकवतच नाहीत. पण त्यासाठी चौथ्या वर्षापासून फी भरायची गरज नाही. आमची मुलगी सरकारीत होती, इयर ४ च्या शेवटी आम्ही घरीच रोज अर्धा तास सुरू केलं, इयर ५ मध्ये आठवड्याला एक तास ट्यूटर. ग्रामर मिळाली. त्या सगळ्याला जो खर्च आला तो प्रेपच्या एका टर्मच्या फीपेक्षा कमी होता. आणि प्रत्येक प्रेप ग्रामरसाठी तयारी करून घेतेच असं नाही, बऱ्याच प्रेपचा ओढा प्रायव्हेट सेकंडरीकडे असतो, काही इयर ८ पर्यंत चालतात आणि १३ प्लसची कॉमन एन्ट्रन्स करून घेतात. त्यांच्या वेबसाइटवर मुलं पुढे कुठे गेली याची यादी असते ती नीट बघा.

चार वर्षांच्या पोरीसाठी आत्तापासून इलेव्हन प्लसचा विचार करू नका एवढंच म्हणेन. सातव्या-आठव्या वर्षी कळतं मूल कसं आहे ते.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. निळी छत्री, तुमचं ते लॅनियार्डचं वाचून डोळे भरून आले. आमच्या घरीही मराठीच आहे आणि लेक नर्सरीत इंग्रजी बोलते पण घाबरली की मराठीवर येते, म्हणून मला हीच भीती होती.

सेलकर, बरोबर ओळखलंत, नवऱ्याच्या डोक्यात केंड्रिकच आहे.

आणखी काही प्रश्न. जवळची दुसरी शाळा चर्च ऑफ इंग्लंडची आहे, तिथे आपल्या मुलांना घेतात का? ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) रिपोर्ट बघितला तर 'आउटस्टँडिंग', 'गुड' असं काही लिहिलेलंच नाही नव्या रिपोर्टात, मग तुलना कशी करायची? आणि आम्ही दोन-एक वर्षांनी भारतात जायची वेळ आलीच तर?

टेम्सकाठ

चर्च शाळांचं प्रत्येकीचं वेगळं असतं. काही सी ऑफ ई शाळा कौन्सिलचेच नियम लावतात, घर जवळ असेल तर धर्म विचारत नाहीत. काहींना चर्चला जाता का याचा वेगळा फॉर्म लागतो. शाळेच्या वेबसाइटवर ॲडमिशन पॉलिसी असते ती वाचा. प्रार्थना किंवा आरई (धर्मशिक्षण) नको असेल तर पालक लिहून देऊ शकतात, तो हक्क आहे, पण आमची मुलं असेंब्लीत बसली, गाणी म्हटली, घरी येऊन अथर्वशीर्षही म्हणतात, काही बिघडलं नाही. आणि बऱ्याच प्रेपसुद्धा ख्रिश्चन वळणाच्याच असतात, तो मुद्दा प्रेपने सुटत नाही. लंडनमध्ये असता तर एजवेअरला २००८ साली सुरू झालेली कृष्ण अवंती आहे, सरकारी पैशावर चालणारी या देशातली पहिली हिंदू शाळा.

ऑफस्टेडने सरकारी शाळांसाठी ते एका शब्दातलं लेबल सप्टेंबर २०२४ पासून बंद केलं. आता नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या विषयांवर वेगळा शेरा देणारी रिपोर्ट कार्डं आलीयत. मला विचाराल तर हे बरंच झालं, कारण लोक एक शब्द वाचून रिपोर्ट बंद करायचे. रिपोर्ट किती जुना आहे आणि तेव्हाच्या हेडटीचर आत्ता आहेत का हे बघा. इयर ६ च्या सॅट्सचे (सरकारी चाचण्यांचे) निकाल सरकारच्या साइटवर शाळावार मिळतात. प्रेपना सॅट्स घ्यायचं बंधन नाही, त्यामुळे दोन्हींची समोरासमोर तुलना करायला आकडे नसतातच, आणि बहुतेक मोठ्या प्रायव्हेट शाळांची तपासणी ऑफस्टेड नाही तर आयएसआय ही वेगळी संस्था करते.

आणखी एक, प्रेपमध्ये जागा घ्यायचं ठरवलंच तर शाळेची आर्थिक तब्येत बघा. व्हॅट लागल्यानंतर काही छोट्या शाळा बंद पडल्या. बऱ्याच प्रेप चॅरिटी असतात, चॅरिटी कमिशनच्या साइटवर त्यांचे वर्षाचे हिशोब कुणालाही फुकट बघता येतात. मुलांची संख्या दरवर्षी घटतेय का आणि शाळा तोट्यात आहे का, एवढं तरी बघा.

आदूची आई

इथे एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

आमचा आदू प्रेपमध्ये होता, नाव लिहीत नाही कुठल्या ते. इयर १ मध्ये लक्षात आलं की त्याला एका जागी बसवत नाही, अक्षरं उलटी काढतो, आवाज जास्त झाला की कान धरून टेबलाखाली जातो. आधी शाळेने गोड बोलून सांगितलं की वाट बघू. मग त्याच्यासाठी वेगळी मदतनीस लागेल आणि तिचा पगार आम्ही द्यायचा, फीच्या वर. मग एका मीटिंगमध्ये हेडनी सांगितलं की त्याच्यासाठी 'जास्त योग्य' शाळा शोधलेली बरी. कुणी काढून टाकलं नाही, पण दार दाखवलं. त्या दिवशी गाडीत बसून मी रडले, त्याला काय सांगू ते सुचेना, त्याला त्या शाळेतला ससा फार आवडायचा आणि तो पुढच्या सोमवारी सशाला गाजर न्यायचं म्हणत होता.

आता तो सरकारीत आहे. सरकारी शाळेला सेन्को (जास्त मदत लागणाऱ्या मुलांचं बघणारी टीचर) ठेवावीच लागते आणि मुलाला मदत देणं ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. तिथल्या सेन्को बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला कानावर लावायला हेडफोन दिले, दाराजवळची जागा दिली, आणि वर्गात आवाज वाढला की टेबलावरचं लाल कार्ड उलटं करून बाहेर जायची परवानगी दिली. ईएचसीपीसाठी (अशा मुलाला काय मदत द्यायची याचा कायदेशीर आराखडा) अर्ज केला, कायद्याने वीस आठवड्यांत व्हायला हवं, आमचं त्याहून कितीतरी जास्त लांबलं, त्यासाठी भांडावं लागलं, मेल वर मेल केले. सगळं गुलाबी आहे असं मी म्हणत नाही. पण इथे त्याचं असणं हाच प्रॉब्लेम आहे असं कुणी मला वाटू दिलं नाही.

सगळ्या प्रेप अशा नसतात, काही ठिकाणी खूप छान मदत करतात हे मैत्रिणींकडून ऐकलंय. पण चार वर्षांच्या मुलाचं पुढे काय निघेल हे आपल्याला माहीत नसतं. ॲडमिशनच्या आधीच तोंडावर विचारा की माझ्या मुलाला जास्त मदत लागली तर तुम्ही काय करता आणि खर्च कुणाचा, आणि उत्तर लेखी घ्या.

पन्हाळगड

आदूची आई, वाचून फार वाईट वाटलं. आमच्या शाळेत डिस्लेक्सियाच्या मुलांसाठी वेगळी टीचर आहे पण तिच्या प्रत्येक सेशनचं बिल वेगळं येतं हे खरं आहे. तुमचा प्रश्न मी आमच्याही शाळेला विचारणार आहे, धाकटा अजून लहान आहे.

गोदाकाठ

भारतात परत जायचं असेल तर सरकारी की प्रेप याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मराठी-हिंदी किती येतं याने आणि इथे लवकर शाळा सुरू होत असल्याने इयत्ता कशी बसते याने. घरी देवनागरी वाचायला शिकवा. १९३२ पासून चालू असलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी मंडळं आहेत, काही मंडळांत शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग असतात. काही प्रेपमध्ये मोठ्या वर्गांना शनिवारीही शाळा असते, तेव्हा तोही दिवस जातो.

आणि सुट्ट्यांचं लक्षात ठेवा. सरकारी शाळेत टर्म चालू असताना गणपतीला किंवा लग्नाला म्हणून परवानगीशिवाय पाच दिवस गेलात तर दंड होऊ शकतो, प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पाउंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. हा ऑगस्ट २०२४ पासूनचा दर. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०.

निळी छत्री

गोदाकाठ, दंडाचं बरोबर आहे पण रानजाईच्या लेकीला रिसेप्शनमध्ये तो लागणार नाही. सक्तीचं वय मूल पाच वर्षांचं झाल्यानंतरच्या टर्मपासून सुरू होतं. तिची जुलैची मुलगी सप्टेंबर २०२७ ला त्या वयात येते. म्हणजे रिसेप्शनचं पूर्ण वर्ष कायद्याने ऐच्छिक आहे.

आणि रानजाई, हे तुला फॉर्म भरायच्या आधी कळायला हवं. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांचे पालक एक वर्ष थांबून, पाच पूर्ण झाल्यावर इयर १ ऐवजी रिसेप्शनमध्येच घ्या अशी विनंती करू शकतात. त्यासाठी नेहमीचा अर्ज भरतानाच सोबत विनंती द्यायची. मिळेलच असं नाही, कौन्सिल किंवा शाळा ठरवते. तेवढं नको असेल तर सप्टेंबरात सुरू करून काही महिने अर्धा दिवस पाठवता येतं, तो मात्र पालकांचा हक्क आहे. आमच्या वर्गात दरवर्षी एक-दोन ऑगस्टची पोरं असतात, दुपारी दोन वाजता कार्पेटवर झोपून जातात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या पोरापुढे ती अख्ख्या वर्षाने लहान. मग आईबाप म्हणतात आमचं मूल मागे पडलं. मागे कुठे पडलंय, लहान आहे ते.

रानजाई

हे काहीच माहीत नव्हतं! नर्सरीतही कुणी बोललं नाही.

काल रात्री नवऱ्याला हा पूर्ण धागा वाचायला दिला. पन्हाळगड, तुमच्या पोस्टवर तो सगळ्यात जास्त वेळ थांबला, कारण तुम्ही प्रेपवाले असून पोटाला चिमटा काढून करू नका म्हणालात. मग आम्ही बसून खरंच हिशोब केला. व्हिसाचं एक्स्टेंशन, त्याचा हेल्थ सरचार्ज, पुढेमागे घराचं डिपॉझिट, आणि मी तीनऐवजी पाच दिवस काम केलं तरच प्रेप जमतंय. म्हणजे लेकीला दुपारी घ्यायला मी नसणार, तिला सहापर्यंत शाळेत ठेवायचं आणि ते कशासाठी तर त्याच शाळेची फी भरायला. हे लिहून काढलं तेव्हा तोही गप्प झाला.

आमचं ठरलंय. जवळची सरकारी पहिल्या नंबरवर. लेक तशी धीट आहे आणि दुपारी झोपत नाही, त्यामुळे वर्षभर थांबवणार नाही, पण पहिल्या टर्ममध्ये अर्धा दिवस पाठवायचं विचारून बघणार. एकच शाळा लिहिली तर मिळायची शक्यता वाढते असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, तसं करावं का?

टेम्सकाठ

अजिबात नको! हा गैरसमज दरवर्षी कुणाला तरी भोवतो. कुठली शाळा कितव्या नंबरवर टाकली हे शाळेला कळतच नाही, प्रत्येक शाळेत तुमचा नंबर अंतर, भावंडं, कॅचमेंट अशा शाळेच्या नियमांवरूनच लागतो. ज्या ज्या शाळांत जागा मिळू शकते त्यातली तुमच्या यादीत सगळ्यात वरची तुम्हाला देतात. एकच लिहिली आणि ती मिळाली नाही तर कौन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे टाकेल, कदाचित लांब. तीन पसंत्या तरी देता येतातच (लंडनमध्ये सहा), सगळ्या भरा, आणि शेवटची अशी ठेवा की जी नक्की मिळेल. मागच्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून घेतलं हे कौन्सिलच्या पुस्तिकेत असतं.

सेलकर

रानजाई, एक विचारायचं राहिलं. ती शाळा पूर्ण प्रायमरी आहे की नुसती इन्फंट? इन्फंट असेल तर इयर २ ला संपते आणि इयर ३ साठी ज्युनियर शाळेचा फॉर्म पुन्हा १५ जानेवारीच्या आत भरावा लागतो, आपोआप पुढे जात नाही. आमच्या शेजाऱ्यांची यात धावपळ झाली होती.

रानजाई

वेबसाइट बघितली, इयर ६ पर्यंत आहे. दुसऱ्या नंबरची जी टाकणार आहोत ती मात्र इन्फंट निघाली, बरं झालं विचारलंत. या शनिवारी दोघं बसून फॉर्म भरतो.

निळी छत्री

भरल्यावर कन्फर्मेशनचा ईमेल आला का ते बघ, नुसतं सेव्ह करून सबमिट न दाबणारे आमच्या शाळेत दरवर्षी भेटतात.

रानजाई

हो ताई, बघते नक्की. एप्रिलमध्ये ऑफर आली की इथे कळवते.